खानदेशची थंडी आणि देशाची बातमी

जानेवारीतली पहाट डोळ्यांपुढे आणा. रावेर-यावलकडच्या एखाद्या केळीच्या बागेत शेतकरी पाणी भरीत उभा आहे. कानाला मफलर, अंगावर घोंगडी, पायाखाली बर्फासारखा चिखल. बांधावर ओला पालापाचोळा पेटवून त्याने धूर केला आहे. हे सगळे कशासाठी, तर बागेला थंडी लागू नये म्हणून. उजाडल्यावर तो घरी येतो, चहाचा पेला हातात घेतो आणि बातम्या लावतो.

बातमी असते दिल्लीच्या धुक्याची. विमाने उशिरा सुटली, गाड्या रखडल्या. मग शिमल्यात बर्फ पडले, पर्यटक खूश झाले. पुढे राज्याच्या बातम्या लागतात. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठले, मुंबईकरांनी स्वेटर बाहेर काढले. झाली बातमी! ज्या थंडीत आपला शेतकरी रात्रभर उभा होता, तिचा बहुधा शब्दही नसतो. असलाच तर तो जिल्ह्याच्या पानावर, एका कोपऱ्यात.

तुम्ही म्हणाल, नसेना का! बातमीत नाव आले म्हणून थंडी थोडीच कमी होणार आहे? खरे आहे. पण प्रश्न नुसत्या मानाचा नाही. जे बोलले जात नाही ते मोजलेही जात नाही, आणि जे मोजले जात नाही त्याची दादही लागत नाही. म्हणून या गोष्टीचा जरा मुळापासून विचार करू.

पहिली गंमत अशी, की खानदेशचे नाव बातमीत येतच नाही असे नाही. ते येते, पण मे महिन्यात. जळगावचा पारा ४५ वर गेला, भुसावळ भाजून निघाले, या बातम्या देशभर जातात. त्यामुळे 'खानदेश म्हणजे ऊन' ही समजूत लोकांच्या मनात पक्की बसली आहे. एखाद्या मुलाला वर्गात सगळे 'तापट' म्हणू लागले, की तो कधी रडतही असेल हे कोणाच्या ध्यानात येत नाही, तसेच हे. ज्या धुळे-जळगावात उन्हाळा असा पेटतो, तिथेच हिवाळ्यात पहाटेचा पारा दहाच्या खाली येतो. धुळ्याला तर तो पाच-सहा अंशांपर्यंत उतरल्याच्या नोंदी आहेत.

एकाच मुलखात एवढे ऊन आणि एवढी थंडी कशी? उत्तर एकच आहे, समुद्र लांब आहे आणि हवा कोरडी आहे. हवेत वाफ असली की ती गोधडीसारखे काम करते. दिवसाची उष्णता ती रात्री धरून ठेवते. मुंबईवर ही गोधडी कायमची पांघरलेली असते. आपल्याकडे हिवाळ्यात आभाळ निरभ्र, हवा कोरडी. सूर्य मावळला की जमिनीची सारी ऊब सरळ आकाशाकडे निघून जाते. त्यात आपला मुलूख हे तापीचे खोरे आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर. थंड हवा जड असते. ती पाण्यासारखी उताराने वाहत येते आणि सखल भागात साचते. नाल्याकाठच्या बागेला माळावरच्या बागेपेक्षा जास्त थंडी लागते, हे तुमच्या आजोबांनी तुम्हाला सांगितले असेल. त्याचे कारण हेच.

याच नियमाने आणखी एक गोष्ट घडते. ती ऐकून शहरातल्या माणसाला नवल वाटते. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साडेचार हजार फुटांच्या आसपास आहे, आणि जळगाव जेमतेम सातशे फुटांच्या. तरीही हिवाळ्यात कित्येक पहाटे जळगावचा पारा महाबळेश्वरच्या खाली असतो! डोंगरमाथ्यावरची थंड हवा खाली घसरते आणि खोऱ्यात तळ धरते. वेण्णा तलावाकाठी दव गोठते तेही तळ्याकाठच्या सखल जागेत, गवतावर. ती गोष्ट खोटी नाही. पण ती वाचून 'महाराष्ट्रात सगळ्यात थंड महाबळेश्वर' असे जो धरून चालतो, तो फसतो. सातपुड्यात अक्कलकुवा तालुक्यातल्या डाबसारख्या पाड्यांवरही दव गोठते. फरक इतकाच, की तिथे कॅमेरा घेऊन फिरणारा पर्यटक नसतो.

आता आकड्यांकडे वळू. शिक्षक मंडळींनी हा भाग मुलांना फळ्यावर मांडून दाखवावा. बातमीत आपण ऐकतो, 'देशाच्या सपाट प्रदेशात आज सर्वांत कमी तापमान अमुक गावी, दोन अंश.' ते गाव बहुधा राजस्थानातले, पंजाबातले किंवा हरियाणातले असते. या शर्यतीत जळगाव कधीच पहिले येणार नाही. पण थंडी ही काय शर्यत आहे? खरा प्रश्न 'किती अंश' एवढाच नसून 'नेहमीपेक्षा किती कमी' हाही आहे.

भारतीय हवामान खाते थंडीची लाट ठरवते ती अशी. सपाट प्रदेशात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली गेले पाहिजे, आणि ते त्या ठिकाणच्या त्या दिवसांतल्या सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी कमी असले पाहिजे. ही घट साडेसहा अंशांच्या आसपास किंवा त्याहून जास्त झाली, तर ती तीव्र लाट. शिवाय सरासरी काहीही असो, पारा ४ अंशांवर किंवा त्याखाली आला तर ती लाटच, आणि २ अंशांवर आला तर तीव्र लाट.

आता एक उदाहरण घ्या. एका गावची जानेवारीतली पहाटेची सरासरी १२ अंश आहे आणि एके दिवशी पारा ७ वर आला. घट पाच अंशांची, म्हणजे थंडीची लाट झाली. दुसऱ्या गावची सरासरी साडेसात आहे आणि तिथेही पारा ७ वर आला. तिथे काहीच झाले नाही, नेहमीची पहाट! पहिले उदाहरण आपल्या मुलखासारखे आहे, दुसरे दिल्लीसारखे. आकडा तोच, अर्थ वेगळा. कारण घरे, कपडे, पिके, शाळेच्या वेळा ही सगळी माणूस आपल्या नेहमीच्या हवेला धरून बेतत असतो. पंजाबातल्या गव्हाला सात अंश मानवतात. केळीला मानवत नाहीत.

आणि एक सांगतो, हवामान खात्याला हे ठाऊक नाही असे समजू नका. थंडीच्या लाटांचा जो मुख्य पट्टा खात्याने मानला आहे, त्यात पंजाब, राजस्थान, उत्तर प्रदेश यांच्याबरोबर आपला मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भही आहे. खानदेश हवामानाच्या हिशेबात मध्य महाराष्ट्रात मोडतो. सरकारनेही थंडीची लाट आणि हिमकडा, म्हणजे दव गोठून होणारे नुकसान, यांना २०१२ साली मदतीस पात्र अशा नैसर्गिक आपत्तींच्या यादीत घातले आहे. म्हणजे शास्त्राच्या वहीत आपले नाव आहे, सरकारच्या कागदात आपत्तीचे नाव आहे. मागे पडते ती बातमी.

का मागे पडते? यात कोणाचा कट आहे, कोणी मुद्दाम वैर धरले आहे, असे मला वाटत नाही. बातमी थंडीच्या मागे जात नाही, ती तीन गोष्टींच्या मागे जाते.

पहिली गोष्ट, बातमीदार कुठे बसतो. देशाच्या बातम्यांची मोठी कचेरी दिल्लीत, राज्याच्या बातम्यांची मुंबईत. सकाळी कामाला निघताना ज्याला स्वतःला धुके लागते, त्याला धुके हीच मोठी बातमी वाटते. हा मनुष्यस्वभाव आहे, आणि तो आपल्यापुरताच नाही. अमेरिकेत न्यूयॉर्कला बर्फ पडले की देशभर गाजावाजा होतो, आणि आतल्या राज्यांतले लोक म्हणतात, आमच्याकडे याहून जास्त पडते त्याचे काय? इंग्लंडात हीच तक्रार लंडनबद्दल ऐकू येते.

दुसरी गोष्ट, चित्र. बर्फ दिसतो, धुके दिसते. रखडलेली विमाने, लाल किल्ल्यासमोरचे धूसर रस्ते, हे सारे दाखवता येते. खानदेशची थंडी निरभ्र असते. सकाळी आठला कोवळे, सोन्यासारखे ऊन पडलेले असते. केळीच्या पानावरचा पिवळा पट्टा दिसायला आठ-दहा दिवस लागतात, तोवर बातमी शिळी होते.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, ती म्हणजे यंत्र आणि रोजची नोंद. निफाडचे नाव थंडीच्या बातमीत दरवर्षी का येते? तिथल्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा रोज वाचला जातो, तो आकडा वर्तमानपत्रांना मिळतो, आणि द्राक्षबागायतदार त्याची वाट पाहत असतात. धुळ्याचा आकडा कृषी महाविद्यालयातल्या नोंदीमुळे कळतो. जळगावला हवामान खात्याची वेधशाळा आहे. ही ठिकाणे बातमीत येऊ शकतात, कारण तिथे मोजणारा आहे. पण साक्री, शिरपूर, चोपडा, पारोळा? तिथे थंडी पडत नाही असे नाही. तिथला आकडा सांगायला कोणी उठत नाही.

इतिहासातली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. पुण्यात शिवाजीनगरला 'शिमला ऑफिस' नावाचा चौक आहे. पुण्यात शिमला कुठून आले? तर देशाच्या हवामान खात्याचे मुख्य कार्यालय आधी शिमल्याला होते, ते १९२८ साली पुण्याला आले आणि लोकांनी त्याला जुन्याच नावाने हाक मारली. पुढे १९४४ साली मुख्यालय दिल्लीला गेले, चौकाचे नाव मात्र राहिले. सांगायचे एवढेच, की देशाच्या हवामानाचे शास्त्र काही काळ या मराठी मातीतून चालत होते. मोजण्याची विद्या आपल्याला परकी नाही.

आता या दुर्लक्षाची किंमत काय, ते पाहू. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्या जिल्ह्याचा हा मानाचा फेटा. पण केळ हे उबदार हवेचे पीक. पारा दहाच्या खाली गेला की त्याची वाढ जवळजवळ थांबते. मुळे अन्न-पाणी कमी उचलतात, नवे पान उशिरा येते. पानांवर पिवळे पट्टे पडून ती करपल्यासारखी होतात, त्याला आपण 'चरका' म्हणतो. निसवण ऐन थंडीत आली, तर घड पुरता बाहेर न येता बुंध्याच्या तोंडाशीच अडकतो. फळ बारीक राहते, सालीखाली काळपटपणा येतो आणि भाव पडतो. कांदेबागेची कोवळी रोपे तर या थंडीत अगदीच उघडी सापडतात.

त्यासाठी हवामानावर आधारित फळपीक विमा आहे. अलीकडच्या वर्षांत त्याची एक अट अशी होती, की १ नोव्हेंबर ते २८ फेब्रुवारी या काळात सलग तीन दिवस किमान तापमान ८ अंश किंवा त्याहून कमी राहिले पाहिजे. अटी ठरावीक मुदतीने नव्याने ठरतात, म्हणून चालू हंगामाची अट कृषी सहायकाकडून माहीत करून घ्यावी. पण मुद्दा नीट ध्यानात घ्या. या भरपाईसाठी बागेत येऊन कोणी पान पाहत नाही. महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्राने काय नोंदले, तेच पाहिले जाते. केंद्र उंचावर आणि बाग नाल्याकाठी असेल, तर केंद्रात साडेआठ आणि बागेत सहा असे सहज घडू शकते. बाग करपते आणि कागद म्हणतो, थंडी पडलीच नाही.

बातमी आली नाही म्हणून विमा अडतो, असे मी म्हणत नाही. पण ज्या थंडीची चारचौघांत चर्चा नाही, तिथे केंद्र बरोबर जागी आहे का, यंत्र चालू आहे का, असे विचारायला कोणी पुढे येत नाही. दिल्लीत एक मापक चुकीचे दाखवू लागला, तर दुसऱ्या दिवशी तीच बातमी होते. आपल्याकडे महिना जातो.

आणि फक्त केळीचेच नाही. वीटभट्टीवर पालात झोपणारी कुटुंबे, ऊसतोडीला निघालेली माणसे, सातपुड्यातल्या पाड्यांवरची लहान मुले आणि म्हातारी माणसे, यांना लाटेचा इशारा वेळेवर पोचला पाहिजे. 'थंडी उत्तरेत असते' असे ज्या मनात बसले आहे, ते मन इशारा ऐकूनही सोडून देते. ही सर्वांत मोठी हानी. बाहेरच्यांनी आपल्याबद्दल केलेली समजूत आपणही स्वीकारतो!

न्यायाने बोलायचे, तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. उत्तरेतली थंडी खरोखरच कडक असते. तिथे माणसे उघड्यावर गारठून मरतात, धुक्यात रस्त्यांवर अपघात होतात. ती बातमी आलीच पाहिजे, आणि ती आपल्या कामाचीही आहे. आपली केळी दिल्लीच्या बाजारात जातात. तिकडे कडाका वाढला की केळ खाणारा कमी होतो आणि इथे रावेर-सावद्याला भाव उतरतो. तिकडच्या धुक्याने गाड्या अडल्या की भुसावळच्या फलाटावर आपले पाहुणे ताटकळतात. म्हणजे शेतकऱ्याला थंडीचा मार दुहेरी, एक बागेत आणि दुसरा बाजारात. बातमी दिल्लीचे धुके सांगते, पण त्या धुक्याचा धागा आपल्या बांधापर्यंत आणून जोडत नाही. तो आपणच जोडायला शिकले पाहिजे.

कसा जोडायचा? भूमध्य समुद्राकडून येणारे वाऱ्याचे आवर्त, ज्यांना पश्चिमी विक्षोभ म्हणतात, ते हिवाळ्यात काश्मीर-हिमाचलात बर्फ पाडून पुढे सरकतात. ते सरकले की उत्तरेचे कोरडे, गार वारे खाली मोकळे होतात, आणि दोन-तीन दिवसांत त्यांचा गारठा आपल्याकडे जाणवू लागतो. म्हणून शिमल्याला बर्फ पडल्याची बातमी ऐकली, की नुसते चित्र पाहून सोडून देऊ नका. आपल्याकडे आभाळ निरभ्र आहे का, वारा उत्तरेचा आहे का, ते पाहा. दोन्ही गोष्टी असतील तर रात्रीच्या पाण्याची, बांधावरच्या धुराची आणि घड झाकण्याची तयारी ठेवा. आभाळ भरून आले, दमट वारा सुटला, तर थंडी लांबेल. परक्याची म्हणून सोडून दिलेली बातमी अशी आपल्या उपयोगी पडते.

पण दुसऱ्याची बातमी वाचणे एवढ्याने भागत नाही. आपली बातमी आपणच तयार केली पाहिजे, आणि इथे मला शिक्षकांची आठवण होते. गुरुजी, बाई, तुमच्या शाळेत एक कमाल-किमान तापमापक आणा. पांढऱ्या झडपांची लाकडी पेटी गावच्या सुताराकडून करून घ्या. ती जमिनीपासून चार फुटांवर, मोकळ्या जागेत, भिंतीपासून आणि पत्र्यापासून दूर, दार उत्तरेकडे करून बसवा. रोज सकाळी साडेआठला एका मुलाने किमान तापमान वाचावे आणि वहीत लिहावे. शेजारी आभाळ कसे, वारा कुठला, दव पडले का, आणि कोणत्या पिकावर काय दिसले, असे रकाने ठेवावेत. आणखी एक तापमापक कधीमधी गवताजवळ ठेवून पाहा. पेटीतल्या आणि गवतावरच्या आकड्यातला फरक पाहून मुले चकित होतील. महिन्याची सरासरी काढली की गणिताचा धडा झाला, जळगावच्या वेधशाळेशी ताडून पाहिले की भूगोलाचा.

या वहीला विम्याच्या कागदावर किंमत नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो. पण तीन हिवाळ्यांची नेमाने लिहिलेली वही घेऊन ग्रामसभा जेव्हा विचारते, की मंडळाच्या केंद्रात साडेआठ आणि आमच्या शिवारात सलग पाच दिवस सहा, हे कसे, तेव्हा तो प्रश्न नुसता गाऱ्हाण्याचा राहत नाही. त्याच्या पाठीशी आकडे उभे असतात. तोच आकडा जिल्ह्याच्या वार्ताहराला आणि आकाशवाणीच्या केंद्राला कळवा. बातमीदाराला आकडा हवा असतो. तो हातात पडला तर कित्येकदा तो आनंदाने घेतो.

हे नवे काही नाही. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने पाच मराठी जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत एक प्रयोग केला होता. गावकरी जमून रेडिओ ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवीत. त्या प्रयोगाची ख्याती परदेशांपर्यंत गेली. त्यातले मर्म साधे होते. ऐकणाऱ्याने परत बोलले पाहिजे. बातमी ही एकाच दिशेने वाहणारी नदी नव्हे.

तेव्हा मंडळी, यंदाच्या हिवाळ्यात दिल्लीचे धुके जरूर ऐका. शिमल्याचे बर्फही ऐका. पण सकाळी साडेआठला शाळेच्या पेटीत डोकावल्याशिवाय बातमी पुरी झाली असे मानू नका. तो आकडा लिहून ठेवा, शेजारच्या गावाला सांगा. आपल्या बांधावर जी थंडी पडते, तिची पहिली बातमी आपल्याच वहीत असायला हवी.